शेवरी आमच्या घरात रुळली

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑक्टोबर २०२१ ला, शनिवारी दुपारी आम्ही तिला घरी आणलं. आम्ही राहतो इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात; तिथून तासाभरावर सोडून दिलेले छोटे प्राणी सांभाळणारी एक संस्था आहे, तिथून. चार वर्षांची मादी चिंचिला (उंदीर-खारींसारखा कुरतडणारा, दाट मऊ केसांचा छोटा प्राणी), करडा रंग, वजन ५४८ ग्रॅम. तिच्या जोडीची बहीण त्या उन्हाळ्यात गेली होती आणि आधीच्या मालकांना घर सोडावं लागलं होतं. परतताना तिची पेटी माझ्या मांडीवर होती. तासभर आतून काहीही आवाज आला नाही.

संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. आई चष्मा सावरत म्हणाली, "अगं, शेवरीच्या कापसाची उशी उसवल्यासारखी दिसतीय की ही!" झालं, नाव ठरलं. ते किती नेमकं होतं हे मला हळूहळू कळत गेलं. चिंचिलाच्या केसाच्या एकेका मुळातून पन्नास-साठ केस उगवतात. या केसांपायीच चिली आणि शेजारच्या देशांत अँडीज पर्वतातल्या या प्राण्याची इतकी शिकार झाली, की रानात आता तो फार थोडा उरलाय. मॅथियस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण अभियंत्याने १९२३ साली अकरा चिंचिला चिलीहून कॅलिफोर्नियात नेल्या. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या आजच्या बहुतेक चिंचिला त्या अकरांच्याच वंशातल्या मानल्या जातात. उंच डोंगरावरून समुद्रकिनाऱ्यापर्यंत त्यांना उतरवायलाच त्याने वर्षभर घेतलं, एकदम खाली आणल्या असत्या तर उष्ण हवेत त्या तगल्या नसत्या म्हणून. त्याचा हेतू केसांचा धंदा होता, त्याबद्दल मला आपुलकी नाही. पण ते 'वर्षभर' माझ्या मनात राहिलं. माझी अकरा वर्षांची मुलगी पहिल्या रात्रीच विचारत होती, "आई, मी तिला कधी उचलून घेऊ?"

तयारी आम्ही महिनाभर आधी सुरू केली होती आणि तिथे चूकही झाली. जवळच्या एका दुकानात विचारून आम्ही सगळं घेतलं: गजांचं प्लास्टिकचं चाक, सूर्यफुलाच्या बिया आणि बेदाणे घातलेलं मिश्रण, आणि 'चिंचिलासाठी' लिहिलेली वाळूची पिशवी. संस्थेतल्या बाईंनी फोनवर यादी ऐकली आणि शांतपणे एकेक वस्तू परत करायला सांगितली. गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो. कुरतडलेलं प्लास्टिक पोटात गेलं की आतडं अडू शकतं. बिया आणि सुकामेवा त्यांच्या पोटाला झेपत नाही. वाळूचे कण जाड असतात, ते केसांच्या मुळाशी पोचत नाहीत, उलट केस तोडतात. त्यांना लागते ती पिठासारखी मऊ, ज्वालामुखीच्या दगडाची धूळ. तिच्यातच त्या अंघोळ करतात. पाण्याने अंघोळ कधीच नाही, कारण इतके दाट केस लवकर वाळत नाहीत, थंडी भरते आणि कातडीला बुरशी लागते.

शेवटी एक उंच लोखंडी पिंजरा जुना घेतला. नवऱ्याने त्यातले प्लास्टिकचे मजले काढून भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या, रंग-पॉलिश न लावलेल्या फळ्या बसवल्या. फळ्या पायरी-पायरीने लावल्या. या प्राण्यांना उड्या लागतात, पण वरून थेट तळाला पडणं त्यांच्या नाजूक हाडांना घातक ठरतं. पिंजरा ठेवला मागच्या, उत्तरेकडच्या खोलीत. मुलीला तो बैठकीच्या खोलीत हवा होता. पण तिथे टीव्ही, हीटर आणि येणीजाणी. मागच्या खोलीतला हीटर कायमचा बंद केला आणि भिंतीला तापमापक टांगला. ऑक्टोबरात तिथे १६ ते १८ अंश असायचे. आम्ही स्वेटर घालून बसायचो.

संस्थेतून येताना बाईंनी तिचं जुनं लाकडी घरकुल दिलं आणि बजावलं, "धुऊ नका." वास यायचा त्याला, पण तो वास तिचा होता. नव्या जागेत ओळखीचं तेवढंच होतं. खाणंही तेच चालू ठेवलं: दिवसरात्र टिमथी गवत, मोठ्या चमच्याभर खाद्याच्या गोळ्या, ताजं पाणी. पुढे गोळ्या बदलायच्या होत्या तेव्हा दोन आठवडे घेऊन थोड्या-थोड्या मिसळत बदलल्या.

पहिले तीन दिवस नियम एकच होता: कुणी हात लावायचा नाही. मुलीला हे फार जड गेलं. मला तिची तगमग दिसत होती, म्हणून मी तिला एक काम दिलं. एक वही घेतली आणि म्हटलं, "तू हिची नर्स." मी स्वतः वॉर्डात काम करते. बोलता न येणाऱ्या पेशंटची नोंदवही किती बोलते हे मला माहीत आहे. वहीत रोज लिहायचं: गवत किती संपलं, पाणी किती उतरलं, लेंड्या कशा आहेत, आणि एक दिवसाआड वजन. वजनासाठी तिला उचलायचं नाही. स्वयंपाकघरातला काटा पिंजऱ्याच्या तळाशी ठेवायचा, त्यावर घरकुल, ती आत शिरली की आकडा वाचायचा आणि घरकुलाचं वजन वजा करायचं.

लेंड्यांवर मी हट्टाने भर दिला. निरोगी चिंचिला दिवसाला शेकड्याने लेंड्या टाकते, तांदळापेक्षा मोठ्या, कोरड्या, एकसारख्या. त्या बारीक, कमी किंवा बंद झाल्या तर आतडं मंदावलंय असं समजायचं. या प्राण्यांना उलटी करता येत नाही. रात्रभर खाल्लं नाही, तर सकाळी थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. छोट्या प्राण्यांची खरी माहिती असलेला डॉक्टर कुठे आहे हे आम्ही ती येण्याआधीच शोधून ठेवलं होतं, आणि ज्यांच्या मनात असा प्राणी आणायचा आहे त्यांना मी हेच आधी करायला सांगेन. तिसऱ्या दिवशी शेवरीच्या लेंड्या बारीक झाल्या, वजन ५२९ वर आलं. डॉक्टरांना फोन केला. गवत खातेय ना? खात होती. मग उद्या पुन्हा बघा, म्हणाले. चौथ्या दिवशी सुधारल्या. त्या एका रात्रीत मी चार वेळा उठले.

आईचा फोन रोज. "दोन शेंगदाणे घाल की तिला, गुळाचा खडा दे, जीव रमेल." आमच्या घरात पाहुण्याला रिकामं बसवत नाहीत, त्यामुळे तिचं म्हणणं मला आतून पटायचं. पण शेंगदाण्यातलं तेल आणि गुळाची साखर या दोन्ही गोष्टी शेवरीला आजारी पाडणाऱ्या. मी आईला समजावलं, "तिचा देश कोरडा, खडकाळ आहे गं. तिथे गवत, पाला, साली, एवढंच." आई जरा गप्प झाली, मग म्हणाली, "उपवासाचं पोट आहे म्हणायचं तिचं." मग कधी शेंगदाण्यांचं नाव काढलं नाही.

चिंचिला जाग्या होतात तिन्हीसांजेला आणि पहाटे. दुपारभर शेवरी घरकुलात गोळा होऊन असायची. दिवेलागणीला मिशा आधी बाहेर, मग डोळे. आमच्याकडे त्याच वेळी देवापाशी दिवा लागतो. मुलगी 'शुभं करोति' म्हणून थेट मागच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसायची आणि रविवारच्या मराठी वर्गाचा धडा मोठ्याने वाचायची. पिंजऱ्याकडे न बघता. टक लावून बघणं हे शिकारी प्राण्याचं लक्षण, म्हणून तेही टाळायचं. एरवी त्या धड्यासाठी मला तिच्या मागे लागावं लागायचं. पाचव्या संध्याकाळी शेवरी सर्वात खालच्या फळीवर येऊन, कान ताठ करून ऐकत बसली होती.

आणि त्याच रात्री माझ्याकडून ती गोष्ट घडली.

मी गवत बदलायला दार उघडलं आणि ती खांद्याच्या उंचीवरून उडी मारून बाहेर पडली. कपाटामागे वायरी होत्या. माझ्या डोळ्यांपुढे त्या वायरीच आल्या आणि मी झेप घेऊन तिला पाठीवर पकडलं. ती निसटली. माझ्या मुठीत केसांचा अख्खा पुंजका राहिला आणि तिच्या कमरेवर रुपयाएवढी गुळगुळीत जागा दिसायला लागली. रक्त नव्हतं. ती कोपऱ्यात जाऊन भुंकल्यासारखी ओरडत होती, कुत्र्याच्या पिल्लासारखा तो आवाज. मुलगी रडायला लागली.

घार किंवा कोल्हा पकडतो तेव्हा केस सोडून देऊन चिंचिला जीव वाचवते. म्हणजे त्या क्षणी तिच्या लेखी मी कोल्हा होते. हे समजल्यावर मला जे वाटलं ते अजून जात नाही. तिला पिंजऱ्यात परत कसं आणायचं होतं तेही त्याच रात्री कळलं: वायरींचे प्लग काढले, खोलीचं दार लावलं, धुळीचा डबा जमिनीवर आडवा ठेवला आणि आम्ही भिंतीला टेकून बसलो. पंचवीस मिनिटांनी ती स्वतःहून डब्यात शिरली आणि गरागरा लोळायला लागली. डब्याच्या तोंडावर अलगद हात धरून डब्यासकट तिला आत ठेवलं. तेव्हापासून तो डबा हीच तिची पालखी. अंघोळ आठवड्यातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं; डबा कायम आत ठेवला तर कातडी कोरडी पडते. केस भरून यायला तीनेक महिने लागले. आम्ही मात्र पुन्हा पहिल्या दिवसावर आलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासली. मुलीला तिचे पुढचे दात नारिंगी दिसले आणि घासले नाहीत म्हणून तसे झाले असं तिला वाटलं. डॉक्टर म्हणाले, नारिंगीच हवेत, पांढरे पडले तर काळजी करायची. ते दात आयुष्यभर वाढत राहतात, मागच्या दाढासुद्धा, आणि गवत चघळल्यानेच झिजतात. म्हणून गवत हे तिचं नुसतं अन्न नाही.

मला खरी धास्ती होती दिवाळीची. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला आणि ५ तारखेला इंग्रजांची बॉनफायर नाइट, म्हणजे शेकोट्या आणि फटाक्यांची रात्र. आम्ही राहतो लेस्टरमधल्या बेलग्रेव्ह रोडच्या जवळ. तिथली दिवाळी सगळ्या ब्रिटनमध्ये माहीत आहे. एरवी इथे रात्री ११ नंतर फटाके उडवता येत नाहीत, पण ५ नोव्हेंबरला १२ पर्यंत आणि दिवाळीच्या रात्री १ पर्यंत परवानगी असते. शेवरीला येऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

आठवडाभर आधीपासून संध्याकाळी त्या खोलीत हळू आवाजात रेडिओ सुरू केला, एकदम त्या रात्री नवा आवाज नको म्हणून. जाड पडदे लावले आणि पिंजऱ्याच्या खिडकीकडच्या बाजूला रजई टांगली. बाकीच्या बाजू हवेसाठी उघड्या ठेवल्या. उदबत्ती, पणत्या पुढच्या दारीच. चिवड्याची फोडणी दिली तेव्हा मधलं दार बंद. पूजा आटोपून मी साडी बदलून तिच्या खोलीत जाऊन बसले. पहिला बार झाला आणि ती जागच्या जागी दगड झाली. मी हलले नाही, बोलले नाही, नेहमीच्या जागी विणत बसले. अकराच्या सुमारास सुयांची टकटक आणि बाहेरचे बार यांच्यामध्ये तिसरा आवाज आला: कुरूम, कुरूम. गवत खात होती. ती दीडपर्यंत खात राहिली. वहीत मुलीने सकाळी लिहिलं, 'लेंड्या छान! खूप!'

त्यानंतर हात. फळीवर तळवा उताणा ठेवायचा, त्यात डँडेलियन या रानफुलाच्या झाडाचं एक वाळलेलं पान, आणि हात विसरून जायचा. पहिले काही दिवस पान तसंच राहायचं. मग ती यायची, पान ओढायची, पळायची. एके दिवशी तिने पान सोडून माझं बोट दातात धरलं. ते चावणं नव्हतं, चाचपणं होतं. फांदीही ती तशीच बघते. तेव्हा हात मागे खेचला की विश्वास तुटतो. मी श्वास रोखून थांबले. मुलीच्या बाबतीत हे डिसेंबरच्या सुरुवातीला घडलं. ती वीस मिनिटं हात पुढे करून बसली होती, हाताला मुंग्या आल्या होत्या. शेवरी आधी मनगटावर, मग कोपरावर, मग थेट खांद्यावर जाऊन बसली आणि मिशा तिच्या कानाला लावल्या. मुलगी माझ्याकडे बघत होती, पण बोलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. 'मी उचलू का' हा प्रश्न तिने किती दिवसांत विचारलाच नव्हता, हे मला तेव्हा लक्षात आलं.

वसंतात शेवरीसाठी त्याच संस्थेतून जोडीदारीण आणली. दोन पिंजरे शेजारी, धुळीचे डबे अदलाबदल, पाच आठवडे. ती मोठी गोष्ट आहे, पण दोघी आता एकाच घरकुलात झोपतात.

मग आला जुलै २०२२. १९ तारखेला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले, या देशात चाळिशी पहिल्यांदाच ओलांडली. आमच्या मागच्या अंगणात ३७ होते. चिंचिलाला घाम येत नाही. पंचविशीच्या पुढे तिचा जीव धोक्यात येतो, आणि घामच नसल्यामुळे नुसत्या पंख्याचा तिला उपयोग नाही. कान लालभडक होणं ही पहिली खूण. आम्ही एक फिरता एसी भाड्याने आणला, पडदे पहाटेच ओढले. फरशीच्या दुकानातून ग्रॅनाइटचे तुकडे आणले, ते फ्रीजमध्ये ठेवून आळीपाळीने पिंजऱ्यात घालत गेलो. सांगलीच्या घरी मे महिन्यात दुपारी आम्ही भावंडं शहाबादी फरशीवर पोट टेकून पडायचो, ते मला सारखं आठवत होतं. एरवी नवीन वस्तूला तासभर वळसा घालणारी शेवरी, माझ्या हातातली फरशी खाली टेकायच्या आधीच तिच्यावर चढली, मागचे पाय लांब पसरून आडवी झाली आणि माझ्या बोटांवर हनुवटी ठेवली. खोली २३ वर होती. कान गुलाबी होते, लाल नव्हते.

मुलगी रात्री बारापर्यंत जागी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत तिची नोंद होती: '२० जुलै. शेवरी ५७४ ग्रॅम. गवत सगळं संपलं. लेंड्या नेहमीसारख्या.'