पंधरा वर्षांची गाडी आणि खालचा पत्रा

आमची पेट्रोलवरची लहान गाडी नोव्हेंबर २०१० मध्ये बेळगावला नोंदवली गेली. त्यानंतर खानापूर ते बेळगाव ही माझी रोजची ये-जा, सुट्टीतल्या कोल्हापूर-गडहिंग्लजच्या फेऱ्या आणि आईला दवाखान्यात नेणे-आणणे हे सारे तिने एकदाही रस्त्यात न सोडता पार पाडले. गेल्या वर्षी जुलैमध्ये कणकुंबीहून परतताना, जांबोटीच्या अलीकडे, तापमानाचा काटा एकाएकी वर चढला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. भर पावसात गाडी कडेला लावून आम्ही पाऊण तास थांबलो. इंजिन पूर्ण निवाल्यावर पाणी भरले आणि हळूहळू घर गाठले. नोंदणीची पंधरा वर्षे संपायला तेव्हा चारच महिने उरले होते, त्यामुळे दुरुस्ती करावी की गाडी बदलावी हा प्रश्न त्याच रात्री घरात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मेस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढून माझ्यासमोर धरली. तिच्यावरचे तेल काळे नव्हते, दूध जास्त झालेल्या चहासारखे दिसत होते. ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची ती खूण होती. त्यांनी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. पहिल्या आणि चौथ्याचा दाब १६० च्या आसपास होता, मधल्या दोघांचा मात्र १०० च्याही खाली गेला होता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाब दाखवू लागले, तर बहुधा त्या दोघांमधले हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधला दाब व पाणी अडवणारा पातळ थर, उडालेले असते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. हेड उतरवून उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये फेसिंगला, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट करायला, पाठवायचे आणि त्यासोबत वॉटर पंप, थर्मोस्टॅट व रेडिएटर बदलायचे, असा २४ हजारांचा अंदाज त्यांनी दिला. लोअर आर्म आणि शॉकअॅब्सॉर्बरचे ११ हजार, दोन टायरचे ८ हजार, डेंटिंग-पेंटिंगचे ९ हजार आणि नोंदणी नूतनीकरणाचे ५ हजार धरता आकडा ५७ हजारांवर गेला. हरित कर त्याहून वेगळा.

आता सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. ‘पंधरा वर्षे झाली की गाडी सरकार भंगारात काढते’ असे जवळजवळ प्रत्येकाने सांगितले. हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. पेट्रोलच्या गाडीला पंधरा आणि डिझेलच्या गाडीला दहा वर्षांची वयोमर्यादा हा दिल्ली व तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरता विषय आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून आणि ती रस्त्यावर चालण्यास योग्य ठरवून घेऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. परिवहन कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने मला हे सगळे मराठीतून, न कंटाळता सांगितले, आणि माझी निम्मी काळजी तिथेच मिटली.

‘दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर गाडी विकून टाकावी’ हा दुसरा सल्ला होता. माझ्या गाडीला बाजारात लाखाच्या आतबाहेर किंमत आली असती, म्हणजे या नियमाने ती विकायलाच हवी होती. मला हा हिशेब पटला नाही. विकत घेणारा गाडीला किती देईल याच्याशी मला काय करायचे होते? तेवढ्याच प्रवासासाठी दुसऱ्या मार्गाने मला दरमहा किती मोजावे लागतील, हे मला हवे होते. मी वहीत आकडे मांडले. ५७ हजार घालून गाडी आणखी तीन वर्षे चालली, तर महिन्याला साधारण १,६०० रुपये पडत होते. चार लाखांची वापरलेली गाडी घेतली आणि पाच वर्षांनी ती दोन लाखांना विकली, तर महिन्याला ३,३०० रुपये पडत होते. नव्या गाडीचा आकडा याच्याही पुढे जात होता. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने किमती उतरल्या हे खरे, पण कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला नोंदणीवेळी भरायचा आजीवन कर १४ टक्के आणि त्या करावर पुन्हा अधिभार आहे. सहा लाखांच्या गाडीवर एवढा करच ८४ हजार होतो.

इथे सीमाभागातला एक जुना मोह पुढे येतो. पेट्रोलच्या अशा गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के कर आहे, म्हणजे ६६ हजार. चंदगड तालुक्यात आमचे नातेवाईक आहेत आणि शिनोळी तर बेळगावच्या वेशीवरच आहे. ‘तिकडच्या पत्त्यावर गाडी घे’ असे दोघांनी आपुलकीने सुचवले. परंतु दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली, तर कायद्याने इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. जिथे राहतो तिथला पत्ता कागदावर खोटा लिहिणे मला योग्यही वाटले नाही. तो विचार मी त्याच दिवशी सोडला.

हिशेब दुरुस्तीच्या बाजूने होता आणि मी मेस्त्रींना होकार कळवलाही होता. हेड उतरवण्याआधी सस्पेन्शनचे काम नीट पाहावे म्हणून त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली आणि मला खाली बोलावले. टॉर्चच्या उजेडात सगळे ठीक दिसत होते. काळ्या कोटिंगवर तांबड्या मातीचा थर होता, इतकेच. मागच्या चाकाचा आर्म जिथे बॉडीला बसतो तिथे त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकले. आवाज खणखणीत आला नाही, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवून नुसते दाबले आणि ते दोन इंच आत गेले. बाहेर काढताना तपकिरी पापुद्र्यांची मूठभर रास खाली पडली. दाराखालच्या पट्टीचीही तीच गत होती.

‘सर, इंजिनाचं काम करायला येतंय,’ ते म्हणाले, ‘हे करायला येत नाही.’

त्यांचे म्हणणे मी नीट समजून घेतले. भोक पडले तेवढ्यावर पट्टी वेल्ड करता येते, परंतु वेल्डिंगला धरायला भोवतीचा पत्रा जाड आणि निरोगी लागतो. इथे तो आजूबाजूलाही कागदासारखा झाला होता. ज्या ठिकाणी चाकाचा सगळा भार येतो तिथे असे ठिगळ लावून आईला आणि मुलांना त्या गाडीत बसवणे मला शक्य नव्हते. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्याचे चार महिने गाडी कधी धड वाळतच नाही. दाराखालच्या पट्टीला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती मातीने बुजतात, आत ओल साचते आणि पत्रा आतून खात जातो. बाहेरचा रंग शेवटपर्यंत चांगला दिसतो. दरवर्षी मे महिन्यात आणि पावसानंतर एकदा ती भोके तारेने मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि मी ते पंधरा वर्षांत एकदाही केले नव्हते. याची हळहळ मला आजही वाटते. गॅरेजला गेल्यावर इंजिनाच्या आधी मी खालचा पत्रा दाखवला असता, तर तीन आठवड्यांची घालमेल वाचली असती.

पुढचे वेगाने झाले. बेळगावातच केए २२, म्हणजे इथल्याच नोंदणीच्या क्रमांकाची चार वर्षे वापरलेली गाडी पाहिली. पैशांचे बोलण्याआधी मेस्त्रींनी ती रॅम्पवर चढवून तिथेच ठोकून पाहिली, आणि या वेळी आवाज स्वच्छ आला. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्या. विम्याचे हस्तांतर चौदा दिवसांच्या आत मागावे लागते, ते मागितले. विम्याचा दावा न केल्याने जुन्या पॉलिसीवर साठलेली ५० टक्के नो क्लेम सवलत गाडीची नसून मालकाची असते, हे अनेकांना ठाऊक नसते. कंपनीकडून तसे पत्र घेतल्याने ती नव्या पॉलिसीच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागाला मिळाली.

जुनी गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देण्याचा आग्रह झाला, तो मी मानला नाही. नोंदणी माझ्या नावावर राहिली असती आणि त्या क्रमांकाचे पुढे काय झाले असते याची जबाबदारी माझ्याकडे आली असती. गाड्या मोडीत काढणाऱ्या सरकारमान्य केंद्राकडे गाडी सोपवली. तिथे गाडी जमा केल्याचे आणि ती मोडीत काढल्याचे अशी दोन प्रमाणपत्रे मिळतात. चॅसिस क्रमांक कोरलेला पत्र्याचा तुकडा कापून केंद्राने सहा महिने जपून ठेवायचा असतो. तो कापताना मी उभा होतो. एवढा एक तुकडा मात्र अजून जाड होता, आणि ग्राइंडरला तो कापायला बराच वेळ लागला.