फातिहातले स, ज आणि दाढेवरचा ज्वाद

कुराण नीट पढायचं ठरवलं की बहुतेकांना पहिली धास्ती खे, गैन आणि काफ या अरबी अक्षरांची असते, कारण ते कानाला वेगळे लागतात. पण वेगळे लागतात म्हणूनच ते लवकर जमतात हो. खरा घोळ होतो तो जी अक्षरं आपल्याला "येतातच" असं वाटतं त्यांच्यात. आपण अरबी शिकलो उर्दूच्या वाटेनं, त्यामुळे से, सीन, स्वाद तिघांचाही एकच स, आणि जाल, जे, ज्वाद, जोय चौघांचा एकच नुक्तावाला ज, झालं काम.

आता आम्ही कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे, म्हणजे नमाजाच्या जमातीत इमामाच्या मागे उभं असलो तरी फातिहा, म्हणजे कुराणाची पहिली सुरा, ज्याची त्याने म्हणायची. इमामसाहेबांचे उच्चार कितीही सुंदर असू देत, आपली फातिहा आपल्यालाच पढायची आहे, आणि शाफई फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) तिची अक्षरं आणि बिस्मिल्लाह धरून 14 तश्दीद, म्हणजे जोडून दुहेरी म्हणायची अक्षरं, सगळं मोजलं जातं. म्हणून मी तरी सांगते की अख्खा कायदा (अरबी वाचनाचं पहिलं पुस्तक) उघडून बसण्याआधी फक्त फातिहा घ्या. 28 पैकी 21 अक्षरं तिच्यात आहेत. से, जीम, खे, जे, शीन, जोय आणि फे नाहीतच, म्हणजे स दोनच उरले आणि ज पण दोनच, जाल आणि ज्वाद.

अक्षर कुठून निघतं त्या जागेला मखरज म्हणतात. इब्न अल-जजरींनी (कुराणपठणाचे विद्वान, दमास्कसचे, वारले शिराजला 1429 मध्ये) 17 मखरज धरलेत, घशाच्या तळापासून ओठांपर्यंत आणि वर नाक. त्यांच्या कितीतरी आधी, आठव्या शतकात, बसऱ्याच्या खलीलने आपला शब्दकोश अलिफ-बे सोडून ऐनपासून सुरू केला, कारण त्याने अक्षरं घशातून बाहेर येत लावली. आपली क-वर्ग ते प-वर्ग मुळाक्षरंही कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत अशीच येतात, त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्याला ही कल्पना पटकन कळते.

मखरज शोधायची जुनी युक्ती म्हणजे अक्षर साकिन, म्हणजे स्वराशिवाय, करायचं आणि आधी जबरवाला हमजा, म्हणजे अ, लावायचा. अब् म्हणा, ओठ मिटले. अल् म्हणा, जीभ टाळूला टेकली. आवाज जिथे अडतो तीच जागा. आरशासमोर करा, घरचे हसतील, हसू देत.

जाल सोपा आहे, "अल्लजीन" म्हणताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागलं पाहिजे, इंग्रजीतलं "दॅट" नीट म्हणतो तसं. तोयचा लोक ट करतात ते मात्र अगदी चूक, तो आपल्या तच्याच जागेवर आहे, फक्त जिभेचा मागचा भाग वर उचलायचा. अशी जाड अक्षरं सात, आणि जाड करायला ओठांचा चंबू करायची काही गरज नाही. उलटा प्रकार "मुस्तकीम" मध्ये होतो, पुढे काफ येतोय म्हणून आधीचे सीन आणि ते उगाच जाड होऊन बसतात, ते पातळच ठेवा.

आणि मग ज्वाद. आपल्याकडे ज्वाद म्हणायचं की द्वाद यावर मशिदीत किती भांडणं झाली असतील देव जाणे, आजचे बरेच अरबही जाड दसारखंच काहीतरी म्हणतात. माझं स्पष्ट मत, हा वाद घालणाऱ्या निम्म्या लोकांनी जीभ दाढेला लावून बघितलेलीच नसते. ज्वादचा मखरज जिभेच्या टोकाला नाहीच, जिभेची कड वरच्या दाढांना लागते, डावीकडून किंवा उजवीकडून, इब्न अल-जजरी दोन्ही सांगतात. आमच्या मकतबच्या, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या शाळेच्या, आपा ओरडायच्या, "दाढेला लाव गं, दाढेला!" दुसरं म्हणजे दवर आवाज थांबतो, ज्वादवर थांबत नाही, तो कडेनं सरकत पुढे जातो. "मगजूब" म्हणताना ज्वाद कुठे अडला तर समजा द झाला.

"वलज्जाल्लीन" वर तर परीक्षाच आहे, ज्वादवर तश्दीद, मग 6 हरकतींचा (मात्रांचा) मद्द, म्हणजे स्वर लांबवणं, लगेच लामवर तश्दीद, आणि आयत संपते म्हणून शेवटच्या "ई" ला 2, 4 किंवा 6. लोक मद्द मस्त लांबवतात आणि लामची तश्दीद खाऊन टाकतात, ती त्या 14 मधली आहे बरं का.

ऐकायला इजिप्तचे कारी (कुराणपठण करणारे) महमूद खलील अल-हुसरी घ्या. मुरत्तल, म्हणजे साध्या संथ पठणाच्या, पद्धतीने पूर्ण कुराणाचं पहिलं रेकॉर्डिंग इजिप्तमध्ये 1961 ला आलं ते त्यांचंच. संथ पढतात, प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं, पॉज करून मागे म्हणता येतं. फातिहा बसली की सुरे फलक घ्या, तिच्या पाचही आयती कलकलाच्या, म्हणजे थांबताना हलका उसळता आवाज काढायच्या, अक्षरावर थांबतात, फलक, खलक, वकब, उकद, हसद, आणि फातिहात तो नियम कुठे लागतच नाही.