हाइड पार्कातला रविवार

"मामा, तिथे नुसतं ऐक हं. वाद घालत बसलास तर जेवण गार होईल," असं भाचीने निघतानाच बजावलं होतं.

लंडनच्या मार्बल आर्च स्टेशनातून वर आलो आणि आधी एजवेअर रोडच्या तोंडाशी असलेल्या वाहतूक बेटावर गेलो. तिथे जमिनीत एक गोल फलक बसवलाय. टायबर्नचा फाशीचा खांब इथे होता. १७८३ पर्यंत इथे माणसं लटकवली, आणि दोर आवळण्याआधी त्यांना चार शब्द बोलू दिले जात. पलीकडेच हाइड पार्कातला स्पीकर्स कॉर्नर, कुणीही उभं राहून भाषण ठोकावं असा कोपरा. पण ही जागा कुणी आपणहून दिलेली नाही. १८६६ साली मताधिकारासाठीच्या सभेला सरकारने बंदी घातली, फाटकं लावली. लोकांनी पार्काचं कुंपणच उखडलं. त्यानंतर १८७२ मध्ये सभांसाठीचा कायदा आला.

अॅल्युमिनियमच्या घडीच्या शिडीवर एक म्हातारा उभा होता. शिडीचा एक पाय डगमगू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. माइक नाही, नुसता घसा. राजघराणं मोडीत काढा म्हणत होता. मागून एक जण ओरडला, "गेल्या रविवारीही हेच बोललास!"

"आणि तू गेल्या रविवारीही आला होतास!"

सगळे हसले, टोमणा मारणाराही. आपल्याकडे सभेत असं कुणी मध्येच बोललं तर कार्यकर्ते त्याला उचलून बाहेर ठेवतात.

इथे सगळं गोडीगुलाबीचंच चालतं असं नाही. २०२१ मध्ये एका वक्त्या बाईवर याच जागी चाकूहल्ला झाला. इथे कायदाही बाहेरच्यासारखाच लागू आहे. प्रश्न असतो तो पोलिसांनी धरायचं कुणाला, हा. इंग्लंडमधल्याच वेकफील्डला चर्चच्या पायऱ्यांवर प्रवचन करणाऱ्या तीन बायकांवर गर्दी खवळली आणि पोलिसांनी उचललं ते बायकांनाच. १९९९ मध्ये न्यायमूर्ती सेडली यांनी त्यातल्या एकीची शिक्षा रद्द केली. कुणाला न बोचणारंच बोलायची मुभा असेल तर त्या मुभेला किंमत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. निकालात या स्पीकर्स कॉर्नरचाही उल्लेख आहे. आपल्याकडे 'भावना दुखावल्या' म्हटलं की आधी कार्यक्रमच रद्द होतो, म्हणून मला तो निकाल फार आवडतो.

भाचीचा तिसरा फोन आला तेव्हा मी शिडीवरच्या आजोबांना विचारत होतो, की राजा घालवलात, तर त्या राजवाड्यांचं करणार काय?