म्हातारं यकृत

आज यकृतातल्या रोगप्रतिकारक पेशी फ्लो सायटोमेट्रीने (पेशींना चमकते रंग लावून लेझरने एकेक मोजण्याची पद्धत) मोजायला ३ महिन्यांचे आणि २४ महिन्यांचे उंदीर एकाच वेळी होते. वय वाढलं की यकृतात टी आणि बी पेशींची (दोन्ही रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) गर्दी वाढते. कोवळ्या, अननुभवी टी पेशी घटतात, आणि सीडी८ पेशींमध्ये (टी पेशींचा मारेकरी प्रकार) सीडी४४ व पीडी-१ ही प्रथिनं पृष्ठभागावर दाखवणाऱ्या, ग्रॅन्झाइम-के हे एन्झाइम बनवणाऱ्या पेशींचा वाटा फुगतो. चित्र ठळक आहे, पण ते खोटंही निघू शकतं!

पहिला धोका रक्ताचा. पोर्टल व्हेनमधून (यकृतात रक्त आणणारी शीर) पीबीएस, म्हणजे क्षारांचं सौम्य द्रावण, सोडून यकृत फिकट पडेपर्यंत धुवायचं. नाहीतर आपण रक्तातल्याच पेशी मोजत बसतो. नुसतं चाळणीवर चिरडलं तर लिम्फोसाइट (टी, बी वगैरे पेशी) मिळतात, पण कुप्फर पेशी (यकृतातल्या भक्षक पेशी) बऱ्याचशा मागेच राहतात. त्या हव्या असतील तर ३७ अंशांवर कोलॅजनेज (ऊती सैल करणारं एन्झाइम) लागतंच. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ५० जी-ला (गुरुत्वाच्या ५० पट) ३ मिनिटं फिरवून हेपॅटोसाइट, म्हणजे यकृताच्या मुख्य पेशी, खाली बसवायचे आणि वरचं द्रव ठेवायचं. (घाईत तेच ओतून देणारे कमी नाहीत.)

खरी डोकेदुखी लिपोफ्युसिनची, म्हणजे वयाबरोबर पेशींत साठणाऱ्या रंगद्रव्याची. वयस्कर यकृतातल्या पेशी रंग न लावताही चमकतात, हिरव्या चॅनेलमध्ये (यंत्राचा हिरवा प्रकाश टिपणारा भाग) तर फारच. तरुण उंदराचा बिनरंगी नमुना बघून गेट (कोणत्या पेशी मोजायच्या ती सीमारेषा) लावलं की म्हाताऱ्यात नसलेल्या पेशी ‘सापडतात’. प्रत्येक वयोगटाचा बिनरंगी कंट्रोल वेगळा हवा आणि महत्त्वाचा मार्कर (ज्या प्रथिनावरून पेशी ओळखायची ते) हिरव्या चॅनेलमध्ये नको.

प्लीहा खूप मोठी दिसली तर लिम्फोमाची (लिम्फोसाइटचा कर्करोग) शंका घ्या. या वयात तो दुर्मीळ नाही. आणि टक्क्यांसोबत दर ग्रॅम यकृतामागे पेशींची संख्याही काढा. बी पेशी वाढल्या की बाकीच्यांचे टक्के आपोआप घसरतात.