आमची वाटचाल : खांब नाही तिथली घरं

लालबागच्या गाळ्यावर २०१० साली पाटी लावली तेव्हा शेजारचा झेरॉक्सवाला हसला होता. मुंबईत बसून विजेची लाइन नसलेल्या घरांना सोलरवर वीज-पाणी द्यायचं, हा कसला धंदा? घर मुरबाड, कर्जत, शहापूरकडे असलं तरी बांधणारा परळ-दादरचाच असतो, आणि माल मिळतो लोहार चाळीत नि नागदेवीला. मग गाळा इथे नको तर कुठे?

भागीदार होते नाना. परळच्या गिरणीत वायरमन. १९८२च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, मग चाळीचाळींतून वायरिंग केलं. सोलर पॅनेल साठीत पहिल्यांदा हातात घेतलं, पण केबल कशी ओढायची हे त्यांना शिकवायची कोणाची टाप नव्हती. त्यांच्याकडे गिरणीच्या काळातला हाताने फिरवायचा मेगर होता, म्हणजे केबलच्या आवरणातून वीज गळते का ते तपासायचं यंत्र, ५०० व्होल्टचा, कातडी पट्ट्याचा. केबल टाकून झाली की उकिडवे बसून हँडल फिरवायचे. काटा अनंताच्या खुणेकडे गेला नाही तर कोणी जेवणाचा डबा उघडायचा नाही. मी डिजिटल आणला, तर म्हणाले, “आडरानात सेल संपले की हा काय उपयोगाचा?” लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, दाबायला हायड्रॉलिक क्रिम्परच हवा, हाही त्यांचाच हट्ट. पक्कडीने दाबलेला लग म्हणजे आगीला आवतण. तो मेगर आजही आमच्या गाडीत असतो.

मधली वर्षं ठीक गेली. खरं सांगायचंय ते २०१८चं.

कर्जतकडच्या एका पार्टीची पाच फार्महाउसं होती. सगळा लोड, म्हणजे किती वीज लागेल ते, आम्ही काढून दिला: पंप, फ्रिज, पंखे, रात्रीचे दिवे, पावसाळ्यातले सलग तीन ढगाळ दिवस धरून. पार्टीने टोकन दिलं, “माल उचला” म्हणाली. आम्ही लोहार चाळीतून उधारीवर बॅटऱ्या उचलल्या. पंधरवड्यात निरोप आला: काम दुसऱ्याला दिलं. दुसरा कोण? आमच्याच हाताखाली शिडी धरलेला पोरगा, आता दोन गल्ल्या सोडून दुकान थाटलेला. रेट आमच्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी.

कसा परवडला, ते धंद्यातल्यांना सांगायला नको. सी-टेन, म्हणजे दहा तासांत रिकामी केली तरी लिहिलेली क्षमता देणाऱ्या बॅटऱ्यांच्या जागी घरगुती इन्व्हर्टरच्या सी-ट्वेंटी, ज्या तेवढी क्षमता वीस तासांत रिकामी केली तरच देतात. पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीला जुळवून घेणाऱ्या एमपीपीटी चार्ज कंट्रोलरच्या जागी स्वस्तातला, तसं न जुळवणारा पीडब्ल्यूएम, आणि तोही ६० सेलच्या पॅनेलला २४ व्होल्टच्या बँकेवर, म्हणजे जोडलेल्या बॅटऱ्यांवर! उन्हात पॅनेल तापलं की व्होल्टेज २६-२७वर येतो. ट्यूब्युलरला, म्हणजे पाणी घालायच्या नळीदार प्लेटांच्या बॅटरीला, पोटभर चार्ज व्हायला २८.८ तरी लागतात. म्हणजे भर मे महिन्यातही बॅटरी अर्धपोटी. कागदावर मात्र वॅट तेवढेच, अँपिअर-अवर तेवढेच. पार्टी बेरीज बघते आणि खूश होते.

इकडे आमच्या गोडाऊनमध्ये बॅटऱ्यांची थप्पी. ट्यूब्युलर नुसती ठेवली तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरते नि निकामी होत जाते, दर दोन-अडीच महिन्यांनी चार्जिंगला लावावी लागते. लाइन नसलेल्या घरांचा माल जिवंत ठेवायला आम्ही मुंबईतलं लाइट बिल भरत होतो. लोहार चाळीतले शेठ रोज फोन करायचे, मग माणूस पाठवायला लागले. नानांनी वर्षभर हिस्सा उचलला नाही. गाळा विकायची बोलणीही झाली होती.

तारलं ते मास्तरांनी. लालबागचेच, शाळेतून निवृत्त होऊन मुरबाडच्या पुढे घर बांधलेले. त्यांची सिस्टिम २०१२ची. बॅटऱ्या बसवल्या त्या दिवशी नानांनी त्यांना हायड्रोमीटर दिला आणि दर रविवारी ग्रॅव्हिटी, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता, लिहायला सांगितली; ती घसरली की बॅटरी थकली. मास्तरांनी शाळेच्या वहीत रकाने आखले: तारीख, सेल, १२४०, १२३५, डिस्टिल्ड पाणी किती घातलं. सहाव्या वर्षीही आकडे घसरलेले नव्हते. मी कोटेशन घेऊन फिरत होतो, ते ती वही घेऊन फिरले. त्यांचे जुने सहकारी, नात्यातले, वाटेतला एक डॉक्टर, सगळ्यांना दाखवली. थप्पी त्या वहीने उतरवली.

कर्जतच्या बॅटऱ्या दुसऱ्या पावसाळ्यात निकामी झाल्या. पार्टीचा फोन आला. आम्ही पुन्हा रेट दिला, पहिल्यापेक्षा जास्त, आणि पूर्ण ॲडव्हान्स मागितला. त्यांनी काम दिलं नाही. त्या पोराच्या दुकानाची पाटी अजून आहे, आमच्यापेक्षा मोठी.

आता लिथियम बॅटऱ्या आल्यात, हायड्रोमीटर कोणी मागत नाही. तरी काही गोष्टी सांगतोच. गीझर नि इस्त्री बॅटरीवर टाकू नका. एक एचपीचा सबमर्सिबल पंप चालू होताना पाच-सहा पट करंट खेचतो, म्हणून पंप दुपारी चालवून पाणी उंच टाकीत चढवा. पाणी साठवणं बॅटरीपेक्षा कधीही स्वस्त. शंभर चौरस मीटर छपरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला तर गळती जाऊन दोन लाख लिटर हाती लागतं. पन्हळ नीट लावा, पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या. सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून ५० फूट तरी लांब घ्या, गवंडी काहीही म्हणो. आणि सबसिडीचं विचारू नका. २०२४ची केंद्राची सूर्यघर योजना ग्रिडला, म्हणजे विजेच्या लाइनला, जोडलेल्या छपरांसाठी आहे. जिथे खांबच नाही तिथे सबसिडीचे ७८ हजार कोण देणार? दर कोटेशनमागे हे समजावतो, आणि दर वेळी माझ्याकडे चोरासारखं बघतात.

एप्रिलनंतर आम्ही नवीन साइट घेत नाही. फाउंडेशनचं काँक्रीट पिकायला वेळ लागतो, आणि गाडी रुतली की माल डोक्यावरून न्यावा लागतो. “पावसाआधी बसवून द्या” म्हणून मे महिन्यात फोन करणाऱ्यांनी दिवाळीनंतर यावं, येताना लाइट बिल नाही, घरातल्या वस्तूंची यादी आणावी.