कॉन्वीचा किल्ला चित्रकथेत उतरवताना : माझा अनुभव

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरचा कॉन्वीचा किल्ला मी निवडला तो 1401 च्या गुड फ्रायडेमुळे. त्या दिवशी, 1 एप्रिलला, 75 जणांची शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेली होती. कामावर आलेला सुतार म्हणून एक जण दाराशी आला, दोन पहारेकरी मारले गेले आणि इंग्रज राजाविरुद्ध बंड करणाऱ्या वेल्सच्या ट्यूडर भावांच्या सुमारे 40 माणसांनी किल्ला घेतला. एवढ्या मोठ्या किल्ल्याचं सगळं नाट्य एका दारावर आलं, आणि माझी 24 पानं त्या दाराभोवतीच फिरतात.

आधी नकाशा. ए3 कागदावर किल्ल्याचा आराखडा काढून प्रत्येक चौकटीचा क्रमांक आणि पाहणाऱ्याची दिशा बाणाने मांडली. हे केलं नाही तर एका पानावर डावीकडे असलेलं दार पुढच्या पानावर उजवीकडे जातं. गाव पश्चिमेला, नदी पूर्वेला. म्हणून पाहणारा कायम दक्षिणेला ठेवला. सुतार डावीकडून आत येतो, म्हणजे आपण वाचतो त्याच दिशेने. आठ बुरुजांपैकी पूर्वेच्या आतल्या चौकाच्या चार बुरुजांवरच बारीक मनोरे आहेत. ते दिसले की वाचकाला जागा आपोआप कळते.

बुरुज सुमारे 21 मीटर उंच, म्हणजे 12 माणसं एकावर एक. पेन्सिलीत ही मोजपट्टी शेजारी ठेवावीच. डोळ्याच्या पातळीच्या वरचे दगडांचे थर कमानीसारखे वर वळतात, खालचे उलटे. सरळ रेघा मारल्या की गोल बुरुज सपाट भिंत होतो.

फोटो पाहून काढताना सर्वांत जास्त फसगत होते. आज दिसतो तो करडा दगड. तेव्हा भिंतींना चुना फासलेला होता, त्यामुळे बाहेरच्या चौकटींत शाई कमी आणि कोरा कागद जास्त. उलट आतले दिवाणखाने आज उघडे आहेत, तेव्हा छप्पर होतं. तिथे उजेड फक्त खिडकीतून यावा, बाकी काळं भरावं. नदीवरचे पूल 1826, 1848 आणि 1958 चे, तिन्ही पुसायचे. त्यातल्या 1826 च्या, अभियंता टेलफर्डच्या झुलत्या पुलाचे मनोरे किल्ल्याला साजेसे बांधलेत, म्हणून तेच चुकून चित्रात राहतात. तेव्हा पलीकडे जायला नाव होती.

दारापुढचा उचलता पूल आज नाही. तो आराखड्यावरूनच उभा केला आणि त्याला पूर्ण पान दिलं.