'डोळा' नाही, 'डोया'!
आज जळगावात एका अहिराणी गाण्यातल्या संवादांना आवाज द्यायला गेलो. स्टुडिओत पोचलो तर आवाज आधीच तयार, एआयचा! स्टुडिओवाला मला म्हणे, "भाऊ, तुम्ही फक्त चुका सांगा." मशीन 'डोळा' म्हणत होतं, आपल्याकडे 'डोया'. 'काळा' नाही, 'काया'. दोन तास बसून एकेक 'ळ' वेचून काढला. पैसे निम्मे, वर कटिंग चहा. (चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू.)

२०२३ मध्ये हॉलिवूडचे कलाकार ११८ दिवस संपावर होते. चेहऱ्या-आवाजाची डिजिटल नक्कल करायची तर आधी संमती, मग मोबदला, हे करारात लिहून घेतलं त्यांनी. आम्ही संप केला तर शेजाऱ्यालाही कळायचं नाही.

घरी येताना शिवाजीनगरच्या पुलावर डोक्यात आलं, मी बोलून दाखवलेले उच्चार स्टुडिओवाल्यांनी रेकॉर्ड करून घेतलेत. आणि मी कुठे सहीसुद्धा केली नाही.